अंड्याचे नाव, आईचे नाव

जैन घरात अंडे येत नाही, हे आपण जाणताच. तरीही कामरेजच्या माझ्या दवाखान्यात चार वर्षे टेबलावर एक ‘अंडे’ होते. नारळाएवढा, करडा, गोल दगड. एका रुग्णाने तो डायनासोरचे अंडे म्हणून मोठ्या प्रेमाने आणून दिला होता. साबुदाण्यासारख्या गोळ्या घ्यायला येणाऱ्या मुलांच्या हातात मी तो देई आणि अभिमानाने माहिती सांगे. तपासून पाहावे, हे मात्र मला सुचले नाही.

अंडे ओळखायचे ते आकारावरून नव्हे, कवचावरून. गोल दगड निसर्गात अनेक कारणांनी तयार होतात. कवच प्राण्याच्या शरीरातच घडते. अभ्यासक कवचाचा तुकडा घासून उजेड आरपार जाईल इतका पातळ काप करतात आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कॅल्साइटचे स्फटिक कसे रचले आहेत, थर एक की दोन, हवा खेळण्याच्या नलिका कशा आहेत, बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत की गाठाळ, यांवरून वर्ग ठरतो.

आपल्या गुजरातेतच याची उत्तम उदाहरणे आहेत. ज्या लाव्हाने सह्याद्री घडवला, त्याच काळातल्या लमेटा थरांत, बालासिनोरजवळ रैयोली परिसरात अशी अंडी सापडली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांनी तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या अंड्यांचा पायाभूत अभ्यास केला. अशोक साहनी आणि आशु खोसला यांनी १९९५ साली एका अंड्याच्या जातीला त्यांचेच नाव दिले: मेगालूलिथस मोहबेयी.

‘मेगालूलिथस’ म्हणजे मोठे अंडे-दगड. ही अंडी चेंडूसारखी गोल. कवचात उघडलेल्या पंख्यांसारखे स्फटिकगुच्छ शेजारी शेजारी, पण सुटे उभे असतात. प्रत्येकाचे टोक बाहेर गाठीसारखे दिसते. हेच पंखे एकमेकांत मिसळलेले असले, तर वर्ग ‘फ्युजिऊलिथस’. ‘एलिप्सूलिथस खेडाएन्सिस’ मात्र लांबट, आणि त्याचे कवच पक्ष्यांच्या कवचासारखे दोन थरांचे.

लक्षात घ्या, ही नावे अंड्यांची आहेत, प्राण्यांची नाहीत. पोटात गर्भ सापडल्याशिवाय आई कोण, हे सांगता येत नाही. अर्जेंटिनात औका माहुएवो येथे मेगालूलिथस धर्तीच्या अंड्यांत लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरांचे गर्भ मिळाले, ते १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यावरून आपली गोल अंडीही त्याच कुळातली मानतात.

नाव देण्याची घाई केली तर काय होते? १९२३ साली मंगोलियात काही लांबट अंडी मिळाली. ती प्रोटोसेराटॉप्सची, असे ठरवले गेले. जवळच दुसऱ्या एका प्राण्याचा सांगाडा होता. तो अंडी चोरायला आला असावा, म्हणून १९२४ साली त्याचे नावच ‘ओव्हिरॅप्टर’, म्हणजे अंडीचोर, ठेवले. १९९४ साली तशाच अंड्यातला गर्भ प्रसिद्ध झाला. तो ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला निघाला! ज्याला चोर म्हटले, तो बहुधा आपलीच अंडी सांभाळत होता. सत्तर वर्षे आळ राहिला, आणि नाव तर आजही तेच आहे. आमच्याकडे खोटा आळ घेण्याला ‘अभ्याख्यान’ म्हणतात आणि अठरा पापस्थानकांत ते मोजतात.

वैद्यकातही हेच. तापाला ताप म्हणावे. मलेरिया म्हणायचे तर रक्त तपासावे. दिसते ते लिहावे, न दिसणारे तपासणीवर सोडावे.

हे वाचल्यावर मी माझ्या दगडाची टवका उडालेली कड भिंगाखाली धरली. कवचाचा थर नाही, पंखे नाहीत. कडेपासून आतपर्यंत एकसारखे कण. साधा दगड. चार वर्षांत किती मुलांना मी चुकीचे सांगितले असेल! दगड अजून टेबलावरच आहे. आता मुलांना भिंग देतो आणि विचारतो, “कवच दिसते का, शोध.”

आपल्यालाही कुठे खरे अंडे दिसले, तर उचलू नका. घरट्यात ते कसे आणि कोणाशेजारी होते, हे जागेवरच कळते. रैयोलीला संग्रहालय आहे. मुलांना घेऊन तिथे जाऊन पाहा.