विश्लेषण : शंभर छोट्या क्वेरींची एकच फेरी कशी होते?

सॉफ्टवेअर क्षेत्रातील कोडिंग मुलाखतीत एक साधा वाटणारा प्रश्न विचारला जातो. क्रमांक दिला की वापरकर्त्याची माहिती आणणारे एक फंक्शन आहे. कोडमधल्या अनेक जागांवरून ते जवळपास एकाच क्षणी वापरले जाते. ते वापरणाऱ्या कोडला हात न लावता डेटाबेसकडच्या फेऱ्या कमी करायच्या. क्वेरी एकत्र करणे उमेदवाराला लवकर सुचते. नोकरी अडते ती त्यापुढच्या तपशिलांवर.

मूळ अडचण काय?

एखाद्या पानावर ५० लेखांची यादी आहे. यादीसाठी एक क्वेरी आणि प्रत्येक लेखकाच्या नावासाठी आणखी एक, अशा ५१ होतात. असिंक्रोनस पद्धतीत कोणी कोणासाठी थांबत नाही, म्हणून नावांच्या ५० क्वेरी एकदमच सुटतात. काम चिमूटभर, पण जाण्यायेण्याचा खर्च प्रत्येकीला वेगळा. पोस्टग्रेसक्यूएलमध्ये एका वेळच्या जोडण्यांची मूळ मर्यादा १०० आहे. असे दोन-तीन वाचक एकदम आले तरी रांग लागू शकते.

उत्तराचा गाभा कोणता?

मागणी आली की ती लगेच न पाठवता रांगेत ठेवायची आणि मागणाऱ्याला ‘प्रॉमिस’, म्हणजे उत्तर येणार असल्याची पावती, द्यायची. थोड्या वेळाने सगळे क्रमांक एकाच क्वेरीत पाठवायचे आणि आलेली माहिती ज्याची त्याला वाटायची. फेसबुकने २०१५ मध्ये खुली केलेली ‘डेटालोडर’ ही लायब्ररी हेच करते.

थांबायचे किती?

वडाप जीप भरल्याशिवाय हलत नाही, एसटी वेळ झाली की सुटते. इथे दोन्ही नियम लागतात : बॅच भरली किंवा ठरलेले काही मिलिसेकंद उलटले, जे आधी होईल ते. नुसता वडापचा नियम ठेवला, तर सामसूम वेळी आलेली एकटी मागणी ताटकळत राहील.

हा पेच जुना आहे. जॉन नेगल यांनी १९८४ मध्ये दाखवले, की एक अक्षर टंकले तरी १ बाइटसाठी ४० बाइटचे शीर्षक घेऊन पाकीट निघते. त्यांचा उपाय असा, की आधीच्या पाकिटाची पोच येईपर्यंत छोटे तुकडे साठवायचे. पण समोरचे यंत्रही पोच उशिरा देणारे असेल, तर दोघे एकमेकांची वाट पाहत बसतात. म्हणूनच झटपट प्रतिसाद हवा तिथे ही सोय बंद केली जाते.

उमेदवार कुठे घसरतात?

डेटाबेस मागितलेल्या क्रमानेच ओळी देईल, असे गृहीत धरणे ही मोठी चूक. तसे केले तर एकाची माहिती दुसऱ्याला जाते, आणि प्रोग्राम कुठलीही तक्रार करत नाही. उत्तर नेहमी क्रमांकावरूनच जुळवायला हवे. एखादा क्रमांक सापडलाच नाही, तर त्याची पावती कायमची लटकू नये. संपूर्ण क्वेरी फसली, तर ते रांगेतल्या प्रत्येकाला कळवावे लागते.

बॅच पाठवण्याआधी जुनी रांग बाजूला काढून नवी सुरू करावी लागते. पाठवल्यानंतर रिकामी केली, तर मधल्या वेळात आलेली मागणी न पाठवताच पुसली जाते. हा दोष एकट्याने चाचणी घेताना सहसा दिसत नाही. गर्दी झाली की दिसतो.