वळणावर घरघरणारें चाक

मोटार सरळ रस्त्यानें निमूटपणें चालते आणि वळण येतांच पुढच्या चाकांतून जात्यासारखी घरघर ऐकूं येते. जाणता मिस्त्री अशा वेळीं प्रथम विचारतो, वळण कोणत्या बाजूचें? गाडी डावीकडे वळली म्हणजे तिचा भार उजव्या चाकावर झुकतो. तेव्हां डाव्या वळणावर वाढणारी, वेगाबरोबर चढणारी घरघर बहुधा उजव्या चाकाच्या बेअरिंगची समजावी. पुष्कळ लोक येथेंच फसतात आणि बिचारें निर्दोष चाक खोलवितात.

स्टिअरिंग पुरें फिरवून गाडी सावकाश वळवितांना ‘कट् कट्’ असें वाजलें, तर मात्र चाकाला गति देणाऱ्या दांड्याचा सांधा पाहावा. त्यावरचें रबरी आवरण फाटून ग्रीस बाहेर उडालेलें आढळतें. कोंकणांतल्या एखाद्या कच्च्या रस्त्यानंतर एकाएकीं कर्कश घासणें सुरू झालें, तर ब्रेकची चकती व तिच्यामागचा पातळ पत्रा यांमध्यें खडा अडकला असण्याचा संभव असतो. तो काढला कीं काम झालें.

बेअरिंगची परीक्षा घरींही होते. सपाट जागीं मागील चाकांना दगड लावून पुढचें चाक जॅकनें उचलावें; गाडीखालीं मात्र शिरूं नये. चाक हातानें फिरवितांना दुसरा हात त्याच्या स्प्रिंगवर ठेवावा. खरखर बोटांना कळते. वरखालीं धरून हलवितांना चाक लटपटलें, तर बेअरिंग किंवा त्याजवळचा सांधा ढिला झाला आहे. अशी गाडी खंबाटकीसारख्या घाटांत घालूं नये. झिजलेलें बेअरिंग तापून चाक भरवेगांत अडकण्याचें भय असतें.