दुकान बंद झाले, पुढे काय?



पाड्यावरच्या महिला बैठकीत दारूचा विषय निघाला तेव्हा एक बहीण म्हणाली, “ताई, गुत्ता बंद करू म्हणता. पण माझा नवरा पलीकडच्या गावी जाऊन पिऊन येईल आणि रात्री वाटेत पडेल. मग मी काय करू?” तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही.

मोहाचे झाड आदिवासींचे जुने सोबती. त्याची फुले खाण्यात येतात, आणि सणाला, लग्नाला घरीच दारूही गाळली जाई. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने घरची भट्टी गुन्हा ठरली आणि ठेकेदाराच्या दुकानातून दारू विकत घ्यावी लागली. सरकारला महसूल मिळाला, आदिवासी कर्जात बुडाले. म्हणजे सरकारी नियंत्रण हे नेहमी गरिबाच्या भल्यासाठीच असते असे नाही.

पुढे १९२२ मध्ये दक्षिण गुजरातेतील आदिवासींनी गावोगाव एकत्र बसून, देवीचा आदेश मानून, दारू-ताडी सोडली. कोणी पोलीस आले नव्हते. नंतर पुष्कळजण पुन्हा पिऊ लागले. पण लोकांनी स्वतः ठरवले तर काय घडते, हे तेव्हा दिसले.

आज कायदा आपल्या हाती साधन देतो. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेला दारूबंदी करण्याचा किंवा विक्रीवर निर्बंध घालण्याचा अधिकार दिला आहे. परवान्याच्या दुकानाविरुद्ध महिला मतदानाने ‘बाटली आडवी’ करू शकतात. मात्र बंदीने सारे संपत नाही. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी चोरटी दारू थांबवायला गावांना सतत जागे राहावे लागते. चंद्रपुरात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली.

कायदा दुकान दूर नेतो. दुकानाकडे जाणारे पाऊल मागे घेणे हे माणसाचेच काम. पौलाने गलतीकरांस लिहिताना इंद्रियदमन हे आत्म्याच्या फळांत मोजले आहे. आणि फळ एका रात्रीत पिकत नाही. शिवाय रोज भरपूर पिणाऱ्याला आपण “आजच सोड” म्हणतो, तेव्हा एक धोका विसरतो. एकाएकी सोडल्यास हात कापतात, झटके येतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला आधी डॉक्टरांकडे न्यावे. तो पुन्हा घसरला, तर मंडळीने दार लावून घेऊ नये.

आणि आपण? शहरातल्या आपल्या लग्नांत, वाढदिवसांत बाटली उघडायची आणि पाड्यावर जाऊन संयम शिकवायचा, हे जमणार नाही. ज्याच्या पिण्याने दुर्बळ भाऊ अडखळतो, त्याची जबाबदारीही मोजली जाते.

त्या बहिणीला आता मी सांगेन: दुकान दूर गेले तर वाट लांबते, आणि त्या वाटेवर त्याला गाठून परत आणायला आपल्याला वेळ मिळतो. तिने एकटीने नव्हे, आपण सर्वांनी. त्या घरासाठी प्रार्थना करा, आणि जमल्यास आमच्याबरोबर पाड्यावर या.