महाडच्या पुढे, समुद्रापर्यंत

२० मार्चला चवदार तळ्याला अभिवादन करायला आपल्या बीड जिल्ह्यातून अनेक कुटुंबे महाडला जातात आणि तिथूनच माघारी फिरतात. आम्ही यंदा पुढे दापोली, हर्णैपर्यंत गेलो.

टँकरच्या गावची आमची लेकरे समुद्र पाहून आधी गप्पच झाली. मग एकाने ओंजळभर पाणी तोंडात घेतले आणि लगेच थुंकून दिले. एवढे पाणी, पण प्यायला घोटभर नाही!

हर्णैला किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव चालतो. खानावळीत बांगड्याचे कालवण, तांदळाची मऊ भाकरी आणि कोकमाची सोलकढी मिळाली. ज्वारीची भाकरी अन् ठेचा खाणाऱ्या जिभेला पहिला घास परका लागला. नंतर मात्र सगळ्यांनीच वाटी पुढे केली.

दापोलीजवळच वणंद, माता रमाईंचे माहेर. त्यांचे वडील भिकू धुत्रे दाभोळ बंदरात मासळीच्या टोपल्या वाहत. उसाच्या मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या आपल्या आयाबहिणींना ते ओझे काय असते, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी महाडहून एक दिवस वाढवा. लेकरांना समुद्र दाखवा, आणि ताटातली मासळी कुणाच्या डोक्यावरून आली, तेही सांगा.