उपग्रहाच्या दप्तरातील शिवार

नगर तालुक्यातील हिवरे बाजार या पर्जन्यच्छायेतील गावाने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली पाणलोटाची कामे केली, उसाला व शेतीसाठीच्या कूपनलिकांना मज्जाव केला आणि दरसाल पडलेला पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची वहिवाट पाडली, हे सर्वविदित आहे. परंतु अंतराळविज्ञान शिकविणाऱ्या गुरुजनांना याच शिवारासारखी प्रयोगशाळा क्वचितच लाभेल, असे माझे मत आहे.

ज्या १९७२ साली महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता, त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकेने लँडसॅट मालिकेतील पहिला उपग्रह सोडला, आणि भारताचा आयआरएस-१ए हा दूरसंवेदन उपग्रह मार्च १९८८ मध्ये, म्हणजे या गावाचा कायापालट सुरू होण्याच्या जरा आधी, कक्षेत गेला. त्यामुळे येथील उजाड डोंगर आणि पुढे हिरवे झालेले डोंगर या दोहोंची नोंद आकाशाच्या दप्तरी राहिली. लँडसॅटची चित्रे २००८ पासून विनामूल्य मिळतात, आणि इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून कोणासही खुले आहे.

निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. म्हणून शास्त्रज्ञांच्या कृत्रिम रंगांच्या चित्रात दाट झाडी तांबडी दिसते. लँडसॅटच्या नेहमीच्या चित्रातील एक ठिपका तीस मीटर लांबरुंद, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. विद्यार्थ्यांनी असा एक ठिपका फितीने मोजून त्यातील पीक, माती व विहिरीची पातळी वहीत टिपावी, आणि मग चित्राशी ताडून पाहावे. अर्धी ज्वारी आणि अर्धा बाभळीचा बांध एकाच ठिपक्यात आल्यास उपग्रह दोहोंची सरासरी सांगतो, आणि त्याची ही चूक बांधावर उभा असलेला मुलगाच दाखवू शकतो. यालाच भूसत्यापन म्हणतात. त्यावाचून उपग्रहाच्या साक्षीला पुरेसे वजन येत नाही.

दुर्बीण विकत घेतल्यावाचून अंतराळाचा अभ्यास होत नाही, ही समजूत मात्र सोडावी. अशा दुर्बिणी बहुधा कपाटातच धूळ खातात. इस्रोचा ‘युविका’ उपक्रम नववीच्या निवडक मुलांसाठी आहे, आणि खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या आवारात राष्ट्रीय विज्ञान दिनास भरणारे प्रदर्शन अवश्य पाहावे. पण या दोहोंमुळे वर्षभराचा अभ्यास होत नाही.

पावसाळ्यात ढगांमुळे चित्रे बहुधा निरुपयोगी ठरतात, तेव्हा शिक्षकांनी आरंभ दिवाळीनंतरच्या रब्बीच्या चित्रापासून करावा.