अंगणातील झोपाळा व मुलांची सुरक्षितता

शेतकी मासिकात मुलांच्या खेळाची चर्चा कशास, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. परंतु अमरावती व अकोला जिल्ह्यांत कडुनिंबाला किंवा चिंचेला झोका टांगलेला नाही असा मळा विरळा. आणि अलीकडे लोखंडी झोपाळे व घसरगुंड्याही अंगणात आल्या आहेत. गाडीत माल भरण्यापूर्वी आपण चाक, आस व दोर नीट पाहतो. ज्या दोरावर आपली मुले बसतात, तो मात्र वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. सबब हा विषय आम्ही मुद्दाम घेतला आहे.

पहिला विचार जमिनीचा. आपली काळी जमीन कपाशीस कितीही उत्तम असली, तरी झोपाळ्याखाली ती बरी नव्हे. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात व ढेकूळ दगडासारखे कठीण होते. ५ फुटांवरून पडलेले मूल जमिनीवर आदळते, तेव्हा त्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर असतो. त्यात डोके खाली आले तर काय होईल, हे सांगणे नको. आखाड्यातील माती कुस्तीपूर्वी खणून भुसभुशीत करतात, ती याच कारणासाठी. १९१४ साली अमरावतीस स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. ज्या प्रांताला व्यायामाची अशी परंपरा आहे, त्यास मऊ मातीचे महत्त्व नव्याने शिकविण्याचे कारण नाही.

तेव्हा झोपाळ्याखाली नदीची बारीक वाळू निदान ९ इंच घालावी. तळाशी पाणी साचू नये म्हणून एका बाजूने चर काढावा, आणि वाळू दबली की ती उकरून सैल करावी. एवढी वाळू सुमारे ४ फुटांवरून पडण्यास पुरते. म्हणून लहान मुलांची खेळणी त्याहून उंच नसावीत. सभोवार ६ फूट, व झोक्याच्या पुढे-मागे दांडीच्या उंचीच्या दुप्पट जागा मोकळी असावी. त्या जागेत वखर, कडबा कुट्टीचे यंत्र, काटेरी कुंपण किंवा दगडी ओटा नसावा.

दुसरा विचार खांबांचा. काळी माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. त्यामुळे तिच्यात नुसते रोवलेले खांब दोन-तीन वर्षांत डगमगू लागतात. म्हणून खोल खड्डा घेऊन माती काढावी, व तेथे मुरूम ठोकून आणि काँक्रीट भरून खांब बसवावेत. काँक्रीटचा माथा जमिनीखाली राहू द्यावा.

झाडाला झोका बांधणे असल्यास शेवग्याची फांदी घेऊ नये. ती ठिसूळ असते. फांदी हिरवी, जाड व पोखरलेली नसलेली पाहावी. दोर जेथे सालीवर घासतो तेथे गोणपाट गुंडाळावे. अंबाडीचा दोर पावसाने कुजतो व नायलॉनचा उन्हाने कमजोर होतो. म्हणून दोहोंचीही तपासणी हवी. जुना टायर टांगल्यास त्यास खालून भोके पाडावीत, नाही तर पाणी साचून डास होतील.

साडीच्या झोक्याविषयी विशेष इशारा देणे अवश्य आहे. मूल गोल फिरते, कापडास पीळ बसतो, आणि तो गळ्याशी आला म्हणजे मुलास ओरडताही येत नाही. असा झोका मुलांच्या हाती एकटा सोडू नये. ओढणी, उपरणे किंवा गळ्यातील दोरा घालूनही मुलांस झोक्यावर वा घसरगुंडीवर चढू देऊ नये.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. त्या वेळी लोखंडी घसरगुंडी तव्यासारखी तापून कोवळी कातडी भाजते. ती सावलीत ठेवावी, व मुलांस बसू देण्यापूर्वी आपल्या हाताने चाचपून पाहावी.

नागपंचमीला झोके चढविण्यापूर्वी प्रत्येक घरधन्याने दोर, फांदी, खांब व वाळू एकदा जातीने तपासावी, आणि पुढे दर महिन्यास तसेच करावे. या कामास अर्धा तास पुरतो. मुलांस खेळू द्यावेच. खेळाशिवाय ती धीट होत नाहीत. मात्र खाली वाळू असावी व जवळ एखादे मोठे माणूस असावे, एवढीच आमची विनंती आहे.