कंपनीचं काम बघणारा माणूस निवडताना



कोकम, काजू, आंबापोळी एकत्र विकायची म्हणून काही गट उत्पादक कंपनी काढायचं म्हणतायत. किमान १० उत्पादक सभासद आणि ५ संचालक लागतात. मग पहिला प्रश्न येतो, कागदपत्रं कोण बघणार?

अमेरिकेत सरकारी नोटिसा घ्यायला कंपनीला नोंदणीकृत एजंट नेमावा लागतो. आपल्याकडे कंपनी कायदा २०१३ प्रमाणे नोंदणीकृत कार्यालय लागतं. तिथे पत्र घेऊन पोच देणारं कोणीतरी हवंच. फॉर्म भरायचं काम आपण सीए किंवा कंपनी सेक्रेटरीला देतो.

निवडण्याआधी विचारा:
• त्यांचा सभासद क्रमांक काय? त्यांच्या संस्थेच्या वेबसाइटवर तो तपासता येतो.
• वर्षाची फी किती, त्यात कोणती कामं? हे लेखी घ्या.
• आणखी कोणत्या उत्पादक कंपन्यांचं काम करता? तिथल्या संचालक ताईंना फोन करा.

काम दिल्यावर हे सांभाळा:
• पत्ता आपल्याच गावातला द्या. सभासदाचं घरही चालतं. लाइट बिल आणि मालकाचं ना हरकत पत्र लागतं. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवा.
• ईमेल आणि मोबाईल कंपनीचाच द्या, सल्लागाराचा नको. नाहीतर नोटीस आली तरी आपल्याला कळणार नाही.
• डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह संचालकाकडेच राहू दे. कोऱ्या कागदावर सही करू नका. ओटीपी देण्याआधी 'कोणता फॉर्म?' हे विचारा.
• भरलेल्या प्रत्येक फॉर्मची पावती फाईलला लावा.

एवढी काळजी का? वार्षिक सभेनंतर हिशेब ३० दिवसांत आणि वार्षिक विवरणपत्र ६० दिवसांत भरायचं असतं. उशीर झाला की एका फॉर्मला दिवसाला १०० रुपये जादा फी. दोन्ही फॉर्म १०० दिवस राहिले तर २०,००० रुपये! सलग ३ वर्षं भरलेच नाहीत तर संचालकांना ५ वर्षं कुठल्याही कंपनीवर नव्याने संचालक होता येत नाही. 'सल्लागार विसरला' हे कारण तिथे चालत नाही.

फॉर्म त्यांनी भरावा, पण जबाबदारी आपली. म्हणून संचालक मंडळाच्या प्रत्येक बैठकीत पावत्यांची फाईल उघडून बघा आणि तशी नोंद इतिवृत्तात करा.